चाकाखालची नक्षी

नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत सिएटचा टायर कारखाना आहे आणि त्याच वसाहतीत महिंद्राचा गाड्यांचा कारखानाही आहे. २००२ मध्ये आलेली स्कॉर्पिओ नाशिकची, २०२० ची नवी थारही नाशिकचीच. चाक आणि गाडी दोन्ही जिथे तयार होतात, त्या या शहरात टायर दुकानांना तोटा नाही. गिऱ्हाईक येतं, किंमत विचारतं, कंपनी विचारतं, किती किलोमीटर चालेल ते विचारतं. मग टायरच्या नक्षीवरून एकदा अंगठा फिरवून बघतं, खाच खोल आहे ना एवढी खात्री करून घेतं आणि पैसे मोजतं. त्या अंगठ्याखालून जे गेलं ते कुणीतरी काढलेलं चित्र असतं. त्यातली प्रत्येक रेघ कुठे वळवायची यावर महिनोन्‌महिने विचार झालेला असतो. पाण्यात, चिखलात, तापलेल्या डांबरावर त्याची परीक्षा घेतलेली असते. अनेकदा त्याची नोंद कोलकात्याच्या सरकारी कार्यालयात झालेली असते आणि क्वचित त्यावरून उच्च न्यायालयात वादही झालेला असतो. इतकी मेहनत घेतलेलं आणि इतकं कमी पाहिलं गेलेलं दुसरं चित्र रोजच्या वापरात सापडणं कठीण. या लेखाचा विषय तेच चित्र आहे.

टायर बनतो कसा, हे ज्यांनी पाहिलं नसेल त्यांना एक गोष्ट नवलाची वाटेल. कारखान्यात जोडणी पूर्ण झालेला कच्चा टायर नक्षीविना, सपाट पाठीचा असतो. आत कापडाचे आणि तारेचे थर असतात, वर रबराचा जाड पट्टा असतो, आणि हाताला तो मऊ, चिकट लागतो. हा कच्चा टायर साच्यात बसवतात. आतून फुगणारी रबरी पिशवी त्याला साच्याच्या भिंतीवर दाबते, दीडशे अंशांच्या आसपास किंवा त्याहून जास्त तापमान दिलं जातं, आणि मोटारीच्या टायरच्या बाबतीत काही मिनिटांत रबर पक्कं होतं. साचा उघडला की नक्षी उमटलेली असते. म्हणजे खरी कोरणी रबरात होतच नाही, ती धातूत होते. साचा तुकड्यातुकड्यांचा असतो. टायरवर जिथे खाच हवी तिथे साच्यात उंचवटा असतो आणि जिथे ठोकळा हवा तिथे पोकळी. रबराच्या ठोकळ्यावर दिसणाऱ्या केसासारख्या बारीक चिरांसाठी साच्यात पोलादाची पातळ पाती बसवलेली असतात. नव्या टायरवर रबराचे जे काटे दिसतात, लहान मुलं जे ओढून तोडतात, तेही साच्याचंच देणं आहे. अडकलेली हवा बाहेर जावी म्हणून साच्याला सूक्ष्म छिद्रं असतात. त्यात थोडं रबर शिरतं आणि काटा तयार होतो. नक्षीकाराला उलटं चित्र डोळ्यांसमोर ठेवून काम करावं लागतं, आणि रबर साच्यातून न फाटता सुटेल का, हाही विचार त्यालाच करावा लागतो.

सुरुवातीचे हवा भरलेले टायर सपाटच होते. डनलॉप यांचा टायर १८८८ चा. मोटारींचा वेग वाढला, ओल्या रस्त्यांवर त्या घसरू लागल्या, तेव्हा पाठीवर काहीतरी उमटवायची गरज निर्माण झाली. जर्मनीच्या कॉन्टिनेंटल कंपनीने १९०४ मध्ये मोटारीसाठी नक्षीचा टायर आणला. अमेरिकेत फायरस्टोनने १९०८ मध्ये जे केलं ते आजही थक्क करतं. त्यांनी टायरच्या पाठीवर कंपनीचं नाव आणि हा टायर घसरत नाही अशी ग्वाही देणारे शब्दच तिरप्या ओळींत उठवले. अक्षरांच्या कडा रस्ता धरत, आणि कच्च्या रस्त्यावर गाडी जाईल तिथे कंपनीचं नाव छापलं जाई. त्याच वर्षी गुडइयरने शंकरपाळ्यांच्या आकाराची नक्षी आणली. काम आणि दिखावा पहिल्या दिवसापासून एकाच खाचेत राहत आले आहेत, आणि या विषयाची सगळी गंमत, सगळी भांडणंही, तिथूनच येतात.

बारीक चिरांचा इतिहास वेगळा आहे. जॉन सायप यांच्या नावावर १९२३ चं पेटंट आहे. कत्तलखान्याच्या निसरड्या फरशीवर पाय घसरू नये म्हणून त्यांनी बुटांच्या तळव्यांना चिरा पाडल्या होत्या, अशी कथा सांगतात. आज टायरवरच्या अशा चिरांना त्यांच्याच आडनावाने ओळखतात.

खाच असते ती मुख्यतः पाण्यासाठी. कोरड्या रस्त्यावर जितकं जास्त रबर टेकेल तितकी पकड चांगली, म्हणून शर्यतीच्या मोटारी कोरड्या धावपट्टीवर गुळगुळीत टायर वापरतात. पण कसारा घाटात आषाढात गाडी चालवायची असेल तर हिशेब बदलतो. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. रस्त्यावर पाण्याचा थर असताना वेगात फिरणाऱ्या चाकाखालून ते पाणी क्षणार्धात बाजूला गेलं नाही, तर टायर पाण्यावर तरंगतो, आणि मग स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही निरुपयोगी ठरतात. गोल फिरणाऱ्या सरळ खाचा पाणी मागे नेतात, आडव्या खाचा ते बाजूला फेकतात. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. सिमेंट काँक्रीटचा हा रस्ता, त्यावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आणि वर सह्याद्रीचा पाऊस. नाशिककरांच्या टायरने इतकी कठोर परीक्षा यापूर्वी कधी दिली नव्हती.

याच जिल्ह्यात ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना आहे. आधी मिग आणि नंतर सुखोई विमानं तिथे तयार झाली. विमानाच्या टायरची पाठ पाहिली तर तिच्यावर फक्त सरळ, गोल फिरणाऱ्या खाचा दिसतात. ना ठोकळे, ना वळणं, ना कोपऱ्यातली कलाकुसर. विमानाचं चाक धावपट्टीवर सरळ धावतं, उतरताना प्रचंड वेग आणि वजन सोसतं, आणि त्याला विमान पुढे ढकलायचं नसतं, ते काम इंजिनाचं. त्या चाकाला पाणी मागे टाकण्यापलीकडे खाचेचा उपयोग नाही. गरजेपुरती खाच कशी दिसते ते या टायरवर समजतं. मोटारीच्या टायरवर त्याहून जे अधिक दिसतं, त्यात इतर कामं आहेत आणि सौंदर्यही आहे.

त्या इतर कामांतलं सर्वांत सुंदर काम कानाचं आहे. समजा, मोटार ताशी ७२ किलोमीटर वेगाने चालली आहे, म्हणजे सेकंदाला २० मीटर. चाकाचा घेर दोन मीटर धरला तर चाक सेकंदाला दहा वेळा फिरतं. पाठीवर एकसारखे साठ ठोकळे असतील तर दर सेकंदाला सहाशे ठोके रस्त्यावर पडतील, आणि ते सगळे सारख्या अंतराने पडल्यामुळे गाडीत सहाशे हर्ट्‌झचा एकच अखंड सूर घुमत राहील. तो सूर तासभर ऐकणं म्हणजे डोकेदुखी. म्हणून नक्षीकार ठोकळ्यांची लांबी तीन, चार किंवा पाच प्रकारची ठेवतो आणि त्यांचा क्रम मुद्दाम विस्कटतो. सूर फुटतो, पसरतो, त्याची नुसती सळसळ उरते. येवल्याच्या पैठणीत मोर किंवा कमळ जितकं बिनचूक तेच ते येईल तितकं विणकराचं कौशल्य मोठं. टायरच्या नक्षीत मात्र तोच आकृतिबंध पुन्हा पुन्हा यायला हवा, पण मापाने सगळीकडे सारखा येता कामा नये, आणि तरीही डोळ्याला तो सारखाच वाटला पाहिजे. कुणीही घरच्या मोटारीच्या टायरवर पट्टी धरून शेजारशेजारचे ठोकळे मोजून पाहावेत. डोळा सांगेल एक आणि पट्टी सांगेल दुसरंच.

द्राक्षबागेत गेलं की हे सगळं बदलतं. निफाड-दिंडोरीच्या काळ्या जमिनीत फवारणीला निघालेल्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकावर तिरपे, उंच रबरी दांडे असतात. दोन्ही बाजूंचे दांडे मधे एकमेकांकडे टोक करतात, त्यांच्या मधली जागा मुद्दाम मोकळी ठेवलेली असते. चाक फिरताना मधलं टोक आधी जमिनीत रुततं, मग दांड्याची उरलेली लांबी, आणि चिखल मधून कडेकडे ढकलला जाऊन बाहेर पडतो. टायर उलटा बसवला तर हाच चिखल मधे गोळा होतो आणि चाक जागच्या जागी फिरत राहतं. म्हणून टायरच्या बगलेवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असतो. यातून एक मजेदार गोष्ट घडते. टोक आधी टेकतं, बाजू नंतर पुढे टेकतात, त्यामुळे ओल्या मातीत उमटलेल्या ठशांची टोकं ट्रॅक्टर जिकडे गेला तिकडे नसतात. तो आला तिकडे, मागे, असतात. बाण समजून माग काढायला गेलेला माणूस हमखास उलट्या दिशेला जाईल.

दुसऱ्या महायुद्धातल्या जीपच्या टायरवर आडवे, दोन्ही दिशांनी सारखे दिसणारे दांडे होते. ठशावरून गाडी कोणत्या बाजूला गेली ते शत्रूला कळू नये, हा गुण त्या नक्षीशी जोडला गेला. त्याच विलीज जीपची जुळणी करून महिंद्राने १९४७ मध्ये वाहन उद्योगात पाऊल टाकलं आणि तिचा वारसा सांगणारी थार आज नाशिकमध्ये बनते. पोलिसांच्या लेखी तर टायरचा ठसा म्हणजे पुरावा. नाशिकला महाराष्ट्र पोलीस अकादमी आहे, तिथून तयार होणाऱ्या अधिकाऱ्यांच्या तपासात असे ठसे पुढे येतातच. मातीतल्या ठशाचा प्लास्टरने साचा घेतला की नक्षीवरून टायरचा प्रकार कळतो. एका प्रकारचे टायर असंख्य गाड्यांना असतात, तेव्हा एवढ्याने भागत नाही. पण एका ठोकळ्याला गेलेला टवका, एका खांद्याची जास्त झीज, खाचेत रुतून बसलेला खडा अशा खुणा त्या एका टायरकडे बोट दाखवू शकतात. कारखान्यात नक्षी सगळ्यांची एकच असते, रस्ता ती प्रत्येकाची वेगळी करतो.

मग निव्वळ शोभेसाठी काय उरतं? बरंच उरतं. पाणी बाहेर काढायला खाच हवी, पण ती सरळ हवी की विजेसारखी वाकडी, हे पाणी पूर्णपणे ठरवत नाही. आवाज मोडायला ठोकळे लहानमोठे हवेत, पण त्यांचे कोपरे धारदार असावेत की गोलसर, यात मोकळीक आहे. टायरच्या खांद्यावर, जिथे पाठ संपून बगल सुरू होते, तिथे तर नक्षीकाराला अंगणच मिळतं. २०२० च्या थारच्या १८ इंची चाकांवर सिएटचे झार टायर आले. त्यांच्यासारख्या डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीच्या टायरकडे पाहावं. ठोकळ्यांची ती रांगडी ठेवण खडीवर पकड देते हे खरंच, पण शोरूममध्ये उभ्या गाडीला ती जो रुबाब देते त्यासाठीही ती तशी काढलेली असते. गुडइयरने १९९१ मध्ये बाजारात आणलेल्या अ‍ॅक्वाट्रेड टायरच्या मधोमध एक रुंद, खोल खाच होती. पाणी इथून जाणार, हे गिऱ्हाइकाला कुणी समजावून सांगावं लागत नव्हतं, ते नजरेलाच पटत होतं. चांगली नक्षी आपलं काम करते आणि ते काम दिसेल अशीही व्यवस्था करते. हा अप्रामाणिकपणा नाही, उलट वापरणाऱ्याशी केलेला तो सरळ संवाद आहे.

कायदा मात्र या दोन गोष्टी वेगळ्या करायला सांगतो. भारताचा डिझाइन्स अ‍ॅक्ट, २००० हा ११ मे २००१ पासून लागू झाला. वस्तूला दिलेला आकार, ठेवण, नक्षी, सजावट, रेषा किंवा रंगांची मांडणी, जिची पारख केवळ डोळ्यांनी करायची, एवढंच त्याच्या कक्षेत येतं. वस्तू बांधण्याची पद्धत किंवा निव्वळ यांत्रिक करामत त्यात बसत नाही. अर्जाची छाननी कोलकात्याच्या पेटंट कार्यालयात होते. टायर लोकार्नो वर्गीकरणाच्या १२-१५ या वर्गात मोडतात. अर्जासोबत टायरची वेगवेगळ्या बाजूंनी काढलेली चित्रं जातात. नावीन्य कशात आहे याचं निवेदन असतं, आणि यांत्रिक क्रियेवर आपला दावा नाही असंही स्पष्ट लिहावं लागतं. म्हणजे ज्या खाचेने घाटात माणसाचा जीव वाचवायचा, तिच्याबद्दल कागदावर लिहून द्यायचं की तिच्या कामावर आमचा हक्क नाही, फक्त दिसण्यावर आहे. संरक्षण दहा वर्षांचं, आणखी पाच वर्षं वाढवून घेता येतं. पण अर्जाआधीच टायर बाजारात आला असेल तर नावीन्य संपतं आणि नोंदणीचा दरवाजा बंद होतो.

अमेरिकेत डिझाइनला पेटंट देण्याचा कायदा १८४२ चा. तिथल्या टायरच्या डिझाइन पेटंटमध्ये दावा एका वाक्याचाच असतो. चित्रात दाखवली आहे तशी टायरच्या पाठीची शोभेची रचना, एवढंच त्याचं सार. बाकी सगळं चित्रंच बोलतात. जी रेष दाव्यात आहे ती अखंड, आणि टायरची बगल वगैरे जो भाग दाव्यात नाही तो तुटक रेषांनी.

दोन टायरच्या नक्षी सारख्या आहेत की नाहीत, हे कुणाच्या डोळ्याने ठरवायचं? अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयापुढे १९९८ मध्ये गुडइयर विरुद्ध हर्क्युलिस हा ट्रकच्या टायरचा खटला आला. तिथे सामान्य पाहणारा म्हणून ट्रक चालवणाऱ्या आणि ट्रकचा ताफा बाळगणाऱ्या खरेदीदाराची नजर धरली गेली, आणि निकाल गुडइयरच्या बाजूने लागला नाही. रोज टायर हाताळणाऱ्याला दोन नक्षींतला फरक कळतो, हे त्यामागचं भान योग्यच म्हणावं लागेल. भारतात २०१७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे अपोलो टायर्स विरुद्ध पायोनियर ट्रेडिंग कॉर्पोरेशन हा वाद आला, तोही टायरच्या नक्षीवरूनच. नक्षी कामाची आहे एवढ्यावरून तिचं संरक्षण नाकारता येत नाही, असा न्यायालयाचा कौल पडला. तेच काम करणाऱ्या दुसऱ्या अनेक नक्षी शक्य असतील, तर ही विशिष्ट नक्षी म्हणजे निवड आहे, आणि त्या नक्षीवरून बनवणारा ओळखला जाऊ शकतो. हा विचार नक्षीकाराच्या कामाच्या सर्वांत जवळ जाणारा आहे. नक्कल करणाऱ्याला मात्र डिझाइन कायद्याचा धाक फार नाही. एका डिझाइनमागे ठरावीक रकमेची वसुली मागायची झाली तर एकूण मर्यादा ५०,००० रुपये. त्याहून जास्त हवं तर नुकसानभरपाईचा दावा लावून झगडावं लागतं. एका साच्याचीही किंमत ज्या रकमेत निघत नाही, ती रक्कम जरब बसवायला पुरेशी नाही. ती वाढवायला हवी.

शोभा कामापासून पूर्णपणे सुटली तर काय होतं, ते महामार्गालगतच्या जुन्या टायरच्या धंद्यात दिसतं. गोटा झालेल्या टायरवर गरम पात्याने हाताने खाचा पाडतात. कारागिराचा हात सफाईदार असतो, रेषा सरळ येतात, वर काळा रंग मारला की टायर नवा दिसतो. पण रबर तेवढंच उरलेलं असतं, उलट कमी झालेलं असतं. खाचेच्या तळाशी तारेचा थर जवळजवळ उघडा पडतो. त्यात पाणी शिरतं, तार गंजते, आणि उन्हाळ्यात भरल्या ट्रकखाली असा टायर फुटतो. खाच पुन्हा कोरता येईल असे ट्रकचे टायर असतात. त्यांत त्यासाठी जादा रबर ठेवलेलं असतं आणि तसं बगलेवर लिहिलेलं असतं. रिमोल्डमध्ये तर नक्षीचा नवा पट्टाच चढवतात, आणि टायरचा सांगाडा धड असेल तर तो उद्योग रास्त आहे. मात्र गोट्या टायरवर कोरलेली खाच ही केवळ पाहणाऱ्याला फसवण्यासाठी काढलेली नक्षी असते. अशा टायरवर लासलगावचा कांदा भरून निघालेला चालक आपला जीव धोक्यात घालतो आणि समोरून येणाऱ्याचाही.

मोटारीच्या नव्या टायरची खाच साधारण आठ मिलिमीटर खोल असते. खाचेच्या तळाशी मधे मधे रबराचे छोटे बांध असतात, त्यांची उंची १.६ मिलिमीटर. पाठ झिजून त्या बांधांना भिडली की टायर बदलायचा. बांध कुठे आहेत ते शोधायला टायरच्या खांद्यावर छोटा त्रिकोण किंवा इंग्रजी आद्याक्षरं असतात. म्हणजे आपली मुदत कधी संपली हेही नक्षी स्वतःच सांगते, आणि ती झिजून रस्त्यावर नाहीशी होते.

नाहीसा साचाही होतो. मॉडेल बंद झालं की साचा भंगारात जातो, वितळवला जातो. उरतात ती कोलकात्याच्या नोंदवहीतली चित्रं, आणि तिथे नाव असतं ते नोंदणी करणाऱ्या मालकाचं, म्हणजे बहुतेक वेळा कंपनीचं. अमेरिकेच्या डिझाइन पेटंटवर ते काढणाऱ्यांची नावं छापतात. भारताच्या नोंदणीत नक्षीकाराच्या नावाला जागाच नाही. सातपूर-अंबडच्या वसाहतींमध्ये साचे घडवणाऱ्या, धातूत बारीक काम करणाऱ्या हातांची कमतरता नाही, आणि नाशिकमध्ये अभियांत्रिकी व वास्तुकलेची महाविद्यालयंही पुष्कळ आहेत. कंपन्यांनी बाद झालेल्या प्रत्येक साच्याचा एक तुकडा राखून ठेवावा, त्यासोबत मूळ रेखाटन ठेवावं, तो कोणत्या रस्त्यासाठी होता ते लिहावं आणि काढणाऱ्याचं नाव लिहावं. महाविद्यालयांनी तो संग्रह सांभाळावा आणि विद्यार्थ्यांना हाताळायला द्यावा. यासाठी कायदा बदलण्याची वाट पाहावी लागत नाही. नाशिकच्या उद्योजकांनी मनावर घेतलं तर हे काम याच वर्षी सुरू होऊ शकतं, आणि ते व्हावं.